कच्च्या लिंबाला खेळात घेणारं अंगण

नमस्कार,

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, ठाण्यातल्या एका मोठ्या गृहसंकुलात राहता. देवळात, पारायणात मन रमत नाही. पण संध्याकाळी खाली बाकावर बसून मुलांचा दंगा बघताना आत काहीतरी निवतं. याला अध्यात्म म्हणायचं की म्हातारपणीचा हळवेपणा? अध्यात्म असेल तर रोज नुसतं बघत बसायचं की काही करायचंही? आणि तिथे बसल्या बसल्या जप केला तर चालेल का?

माझं आयुष्य बालवाड्यांमध्ये आणि बालवाडीताईंना शिकवण्यात गेलं. माहेर वारकऱ्यांचं. त्यामुळे मला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ओळखीच्या आहेत. उत्तर 'हो, हे अध्यात्मच' असं आहे, पण ते तुम्हाला वाटतंय त्या जागी सापडेलच असं नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला ठेवू या. 'मुलं म्हणजे देवाघरची फुलं' हे वाक्य ज्यांनी तीन वर्षांची तीस मुलं पावसाळ्यात एका खोलीत सांभाळली आहेत, त्यांच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही. मुलं चावतात, ओरबाडतात, जाड मुलाला हिणवतात, तोतऱ्याची नक्कल करतात. मुलं जात पाळत नाहीत असंही आपण कौतुकाने म्हणतो. पाळतात. घरात कोणाला कोणत्या कपात चहा दिला जातो हे ती अगदी लहान वयात टिपतात, आणि 'तू आमच्यात नाही' हे वाक्य त्या टिपणातूनच येतं. हसऱ्या चेहऱ्यात देव शोधलात तर पहिल्या चाव्याला तो नाहीसा होईल, आणि मग 'आजकालची मुलं' ही पोथी सुरू होईल. असं झालेले बरेच आजी-आजोबा मी पाहिले आहेत.

तरीही तुम्हाला बाकावर जे जाणवतं ते खोटं नाही. आपल्या परंपरेत त्याला जागा आहे, आणि ती चांगली मानाची आहे. ईश्वराला कशाचीच कमतरता नाही तर त्याने हे जग निर्माण केलं कशासाठी, असा प्रश्न वेदान्ताचा पाया असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात येतो. उत्तर एका ओळीचं आहे: 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. लोकांमध्ये दिसते तशी ही केवळ लीला. शंकराचार्य त्यावर लिहिताना दोन दाखले देतात. सगळं मिळालेला राजा काही मिळवायचं नसताना खेळतो, आणि आपला श्वास काही हेतू न धरता आत-बाहेर होतो. आयुष्यभर व्याजदर, वसुली आणि मार्चअखेर यांत घालवलेल्या माणसाला काहीही साधायचं नसलेली हालचाल बघून बरं वाटलं, तर त्यात नवल काय? सात वर्षांचा मुलगा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून पुन्हा पुन्हा उडी मारतो, आणि का मारतो हे त्याला विचारून उपयोग नसतो.

पण वेदान्तापाशी थांबू नका. तिथे खेळणारा एकटा आहे. अंगणात एकटं कोणी खेळत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. त्यासाठी वारकऱ्यांकडे यावं लागतं.

सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते हे तुम्हाला ठाऊक असेल. सात दिवस वैराग्य, नाम, संतचरित्र सगळं सांगून होतं, आणि शेवटच्या दिवशी बुवा काय सांगतात? कृष्णाचे खेळ. गाई वळणं, चेंडू, खोड्या, शिदोऱ्या. आषाढीची वारीसुद्धा पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला झाल्यावरच परत फिरते. एवढी पायपीट करून माणसं शेवटी लाह्या-दह्याचा घास एकमेकांच्या तोंडात घालतात. वाटेत रिंगणात अश्व धावून गेले की सत्तरीच्या म्हाताऱ्या फुगड्या घालतात, पुरुष हुतूतू खेळतात, हमामा घालतात. तुकोबांच्या गाथ्यात विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी यांवर अभंग आहेत. खेळाची वारकऱ्यांना लाज नाही.

काल्याची गोष्ट मात्र नीट ऐकावी. प्रत्येक गोपाळ आपापल्या घरून शिदोरी आणतो. कोणाची दही-भाताची, कोणाची शिळ्या भाकरीची, कोणाकडे नुसती कण्या-ताकाची. कृष्ण सगळ्या एकत्र कालवतो आणि मगच वाटतो. त्यांच्यात पेंद्या आहे, लंगडा आणि बोबडा. त्याला सोडून खेळ होत नाही. तुकोबांच्या एका अभंगात तर देव त्या उष्ट्याच्या आशेने यमुनेत मासे होऊन बसतात: पोरं हात धुवायला येतील आणि चार शितं मिळतील. आणि पोरं हसत हसत हात ढुंगणाला पुसून मोकळी होतात. माझ्या आजीला हा अभंग आला की हसू आवरायचं नाही. स्वर्गातले देव उपाशी राहिले, कारण ते खेळात नव्हते, बाहेर वाट बघत होते.

आता हे तुमच्या संकुलात आणते. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात एक पद मी जवळजवळ सगळीकडे पाहिलं आहे: कच्चा लिंबू. काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात. चार वर्षांची धाकटी बहीण दादाचा शर्ट धरून येते, तिला खेळायचंच असतं. मोठी मुलं कुरकुरतात आणि मग ठरवतात, ही कच्चा लिंबू. म्हणजे ती धावणार, लपणार, ओरडणार, पण तिच्यावर राज्य येणार नाही. तिला कोणी आउट केलं तरी ती आउट नाही. हा नियम कुठल्या क्रीडासंघाने केलेला नाही, कुठल्या पुस्तकातून शिकवलेला नाही. आठ-दहा वर्षांची मुलं तो स्वतः लावतात, आणि त्याची किंमतही स्वतः मोजतात, कारण कच्चा लिंबू खेळात असला की लपायच्या जागा फुटतात, डाव लांबतो, चिडचिड होते.

याच्याकडे मी अनेक वर्षं कामाचा भाग म्हणून बघत आले आहे. त्यात जे बारकावे दिसतात ते कोणत्याही प्रवचनाइतके मोलाचे आहेत. कच्च्या लिंबाला खोटं खोटं पकडण्याचं एक कौशल्य असतं. जवळ जाऊन हात थोडा कमी पडू द्यायचा, म्हणजे तिला वाटतं आपण निसटलो. काही मुलं हे अप्रतिम करतात. काही मुलांना ते जमत नाही, ती सरळ धपाटा घालतात. आणि एक दिवस असा येतो की कच्चा लिंबूच ओरडतो, 'मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य पाहिजे.' त्या दिवशी मोठ्यांनी तिला बढती देणं आणि पुढची आठ मिनिटं ती कोणालाच पकडू शकत नसताना कंटाळा न दाखवणं. दया करणं पुष्कळांना येतं. केलेली दया योग्य वेळी काढून घेऊन बरोबरीचा मान देणं मोठ्यांनाही अवघड जातं. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपल्याला कच्चा लिंबू करून ठेवलंय याचा त्रास काय असतो ते तेच सांगतील.

आपल्या जुन्या खेळांचे नियमही असेच बघण्यासारखे. विषामृतात विष झालेला जागच्या जागी थिजतो आणि त्याला स्वतःला सुटता येत नाही. दुसऱ्याने जोखीम घेऊन येऊन अमृत दिलं तरच तो सुटतो. डबा ऐसपैसमध्ये सगळे पकडले गेलेले असतात आणि शेवटचा एक लपलेला भिडू धावत येऊन डबा उडवतो की सगळे मोकळे. ज्याच्यावर राज्य असतं तो बिचारा पुन्हा डबा आणायला पळतो. क्रिकेटमध्ये हे नाही. मला क्रिकेटचं वावडं नाही, पण दिवसभर फक्त क्रिकेटच चालत असेल तर बॅट ज्याची त्याचं राज्य चालतं आणि लहान मुली कठड्यावर बसून राहतात, हेही खरं. तुम्ही कधी संध्याकाळी चार-पाच मुलांना विषामृत शिकवलंत तर ते मोठं काम होईल. नियम सांगायचे, पहिला डाव बघायचा आणि उठून जायचं. आपण शिकवलेला खेळ मुलं बदलतात तेव्हा दुखावून घ्यायचं नाही.

आता 'बघायचं की करायचं' याबद्दल. बघणं हेही करणंच आहे, जर ते नीट असेल तर. बालवाडीताईंच्या प्रशिक्षणात आम्ही पहिले काही दिवस फक्त बघायला लावायचो. हातात वही, तोंड बंद. बहुतेकींना दहा मिनिटांत मध्ये पडावंसं वाटायचं: 'अरे त्याला दे ना', 'भांडू नका', 'किती छान!' हा शेवटचा उद्गार सगळ्यात उपद्रवी. शाबासकी कानावर पडली की मूल खेळातून बाहेर येऊन आपल्याकडे बघतं आणि मग आपल्यासाठी खेळायला लागतं. तुम्हाला जे निवल्यासारखं वाटतं ते याच कारणाने, की तो खेळ तुमच्यासाठी नाही. तो तसाच राहू द्या.

काय बघायचं याची एक खूण सांगते. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासिकेने 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मिळून खेळणं वगैरे. त्यात एक प्रकार नुसतं उभं राहून दुसऱ्यांचा खेळ बघण्याचा आहे. म्हणजे कडेला उभं असलेलं प्रत्येक मूल दुःखी नसतं, काही मुलं आधी चार दिवस बघतात आणि मग उतरतात. त्यांना 'जा ना, खेळ ना' म्हणून ढकलू नये. पण कडेला उभं असलेलं मूल रोज तेच असेल, आणि खेळ त्याच्या दिशेने आला की ते मागे सरकत असेल, तर ते बघणं नाही, ती मनाई आहे. फरक कळायला एक-दोन आठवडे लागतात. तुमच्याकडे वेळ आहे, आई-बापांकडे तो नसतो. तुमच्या बाकाचा खरा उपयोग हा आहे.

भांडणात कधी पडायचं? कट्टी झाली की लगेच बट्टी लावायला धावू नका. करंगळीने तुटलेलं अंगठ्याने जोडायची सोय मुलांनी करून ठेवलेली आहे, आणि ती मोठ्यांच्या सोयीपेक्षा वेगवान आहे. रक्त, दगड, काठी, गळा दिसला तर ताबडतोब उठा. एकाच मुलाला सगळे मिळून रोज चिडवत असतील तर त्याच दिवशी नाही, पण दुसऱ्या दिवशी चिडवणाऱ्यांतल्या म्होरक्याशी एकट्याने नाही तर त्याच्या आईवडिलांच्या देखत बोला. आणि एखादं मूल रडत निघून गेलं तर मोजा, कोणी त्याला परत आणायला जातं का. बहुतेक वेळा जातं. कोणीच गेलं नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, तर त्या अंगणात काहीतरी बिघडलंय आणि ते बहुतेक मोठ्यांमध्ये बिघडलेलं असतं.

आता थोडं टोचणारं विचारते. तुमच्या संकुलातल्या वॉचमनची मुलं कुठे खेळतात? घरकामाला येणाऱ्या बाईंची मुलगी आईची वाट बघत कुठे बसते? तुम्ही लिहिलं आहे की 'आमच्याकडे सगळी मुलं मिळून खेळतात.' तुमच्या डोळ्यांसमोर सगळी म्हणजे कोण होती? फाटकाजवळच्या खोलीतली मुलगी घसरगुंडीवर चढली की कोणीतरी हळूच 'हे मेंबर्ससाठी आहे' म्हणत असेल, तर बाकावर मिळणारी शांती चांगल्या एअरकंडिशनरसारखी आहे, आतल्यांना गार. काला तिथे झालेला नाही. प्रत्येकाने आपापला डबा उघडून आपापलं खाल्लं एवढंच.

तुम्ही ठाण्याचे आहात म्हणून हे सांगायला हवं. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, आता पालघरमध्ये आहे. गावातल्या बालवाडीत दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा 'पालकांनाच कळत नाही' असं म्हणून गप्प बसायच्या ऐवजी त्या बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. मुलांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-खेळ. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे घेतले. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. यात देव-धर्माचा उच्चार क्वचितच असेल. पण अंगणात कोण नाही हे बघून त्याच्याकडे चालत जाणं, याहून वारकरी वृत्ती मला दुसरी माहीत नाही. आज देशभर 'अंगणवाडी' हा शब्द रुळला आहे तो याच कामातून.

तुम्हाला वस्तीत जायला सांगत नाही. फाटकापर्यंत जा. त्या मुलीच्या आई-वडिलांना विचारा, ती खाली खेळायला आली तर चालेल का. त्यांना बहुधा भीती वाटेल, कारण काही तुटलं-फुटलं तर आळ आधी त्यांच्यावर येतो. तेव्हा आधी सोसायटीच्या समितीकडून स्पष्ट बोलून घ्या, मग त्यांच्याकडे जा. उलट क्रमाने गेलात तर अपमान त्या मुलीच्या पदरात पडेल.

समितीचा विषय निघालाच आहे. आवाजामुळे आणि गाड्यांच्या काचांमुळे खेळ बंद करायची सूचना तुमच्याकडे आली आहे असं तुम्ही लिहिलंत. तक्रार करणाऱ्यांना खलनायक करू नका. रात्रपाळी करून दुपारी झोपणारी माणसं असतात, आजारी माणसं असतात. मुलांनाच एका बैठकीला बोलवा, दोन-तीन प्रतिनिधी, त्यांनीच निवडलेले. दुपारी दोन ते साडेचार आवाजाचे खेळ नाहीत, सीझनचा चेंडू नाही, रबरी चालेल, पार्किंगच्या एका ओळीतल्या गाड्या संध्याकाळी दुसरीकडे लावायच्या, असं काहीतरी ठरतं. मुलं स्वतः केलेला नियम आश्चर्य वाटावं इतका कडक पाळून घेतात. गाडी हलवायचा कंटाळा मोठ्यांनाच येतो. तो कंटाळा रोज संध्याकाळी बाजूला ठेवणं, चेंडू गॅलरीत आला तर शिव्या न देता खाली टाकणं, तहानलेल्या पोराला कोणाचं हे न विचारता तांब्याभर पाणी देणं, यांना मी सेवा म्हणेन. दिसायला किरकोळ, पण खेळ टिकतो तो यावर.

एक व्यवहाराची गोष्ट, आणि ती नाजूक आहे म्हणून स्पष्ट सांगते. एकटा पुरुष रोज मुलांकडे बघत बसतो याची आई-वडिलांना धास्ती वाटणं साहजिक आहे, आणि ती धास्ती योग्यच आहे. ती मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांच्या नजरेत येईल अशा बाकावर बसा, पालकांशी ओळख ठेवा. मुलांचे फोटो काढू नका, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. चॉकलेट वाटू नका, कितीही मोह झाला तरी. कोणाला घरी बोलवायचं तर त्याच्या पालकांसकट. चांगल्या अंगणात मुलांवर अनेकांचे डोळे असतात आणि मोठ्या माणसांवरही असतात. तसं असलं तरच मुलं मोकळी खेळतात.

ज्या दिवशी खाली गेल्यावर काहीच वाटणार नाही, डोकं दुखेल, गोंगाट नको होईल, त्या दिवशी स्वतःला दोष देऊ नका. वारीतही पाय दुखले की भजन गोड लागत नाही, माणसं चालतात. अशा दिवशी वर जाऊन झोपलात तरी हरकत नाही.

राहता राहिला जप. करा की. माळ हातात असली की मध्ये मध्ये बोलायची खुमखुमी कमी होते, हा फायदा मोठा आहे. फक्त डोळे मिटून करू नका. आणि डाव सुरू असताना एखादं पोर धापा टाकत येऊन विचारेल, 'आजोबा, तुम्ही बघितलं ना, हा आउट होता ना?' तेव्हा निवाडा देऊ नका, जप चालू होता म्हणून गप्पही राहू नका. 'मी बघितलं नाही, तुम्ही ठरवा' म्हणा. बघितलं असलं तरी. तेवढं खोटं चालतं.